एकेचाळीस तुकड्यांचं निशाण

९ फेब्रुवारी १९८१, सोमवार

आवकेत आज तीनच कागद. दोन गटारांचे आणि तिसरा गौराबाईचा. गटारांचं काय, ती माझ्या आधीपासून तुंबलेली आहेत आणि मी रिटायर झाल्यावरही तुंबलेली राहतील. तिसऱ्या कागदाने मात्र डोकं भणभणून गेलं.

नदीपलीकडे आंब्यांच्या झाडीत एक कौलारू घर आहे. तिथे लुगडी नेसणारी चार माणसं राहतात. बारशाला, लग्नाला दारात नाचतात, पोराबाळांना आशीर्वाद देतात. जन्माने चौघं पुरुष. लोक त्यांना काय वाटेल त्या नावाने हाक मारतात. मी ‘पलीकडची मंडळी’ म्हणतो, नगरपालिकेच्या हेडक्लार्कच्या तोंडी दुसरं काही शोभत नाही. गौराबाई त्यांच्यात थोरली, सत्तरीच्या पुढची.

अर्ज असा, की चैत्री जत्रेत देवीच्या पालखीपुढे गावाच्या मानाच्या काठ्या चालतात, त्यांत आमची काठी घ्यावी आणि आमच्या निशाणाची पालिकेच्या दप्तरी नोंद व्हावी. आमच्याकडे ही नोंद फार मोठी गोष्ट. काठी कुणाची पुढे यावरून इथे आज्यापणज्यांच्या काळी डोकी फुटली होती, तेव्हापासून यादी पालिका ठेवते. नऊ काठ्या, नऊ निशाणं. यादीतली काठी दारासमोर आली की त्या घरची बाई तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालते, हळदकुंकू लावते. जे यादीत नाहीत ते पालखी गेल्यावर मागून, धुरळ्यातून येतात. पलीकडची मंडळी आजवर तशीच आली.

अर्जाखाली गौराबाईचा अंगठा आणि शेजारी सही, चांगुणा. ‘च’ला खाली शेपूट काढलेली आहे. अशी शेपूट काढू नकोस म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी मी माथेरानात दहादा सांगितलं असेल. ऐकलं नाही ते नाहीच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना धोंडूबाईला अर्जाचं सांगितलं. माझी थोरली बहीण, नवरा गेल्यापासून माझं घर तीच सांभाळते. बोलायची कमी, पण बोलली की घासात खडा लागावा तसं. म्हणाली, चांगोला खोकला लागलाय म्हणे, रक्त पडतं. मी विचारलं, कोण चांगो? तिने भाकरी ताटात टाकली.

“पोशीरचा. आपल्या शेजारचा. इसरलास व्हय रं आबा?”

विसरलो नाही. छप्पन साली पोशीरहून आम्ही दोघं माथेरानला गेलो. मी हॉटेलात रजिस्टर लिहायचो, तो हातरिक्षा ओढायचा. दोन हंगाम एका खोलीत काढले, तिथेच त्याला अक्षरं शिकवली. मग मला इथली नोकरी लागली. ठरलं होतं की मी पुढे जाऊन खोली बघायची, तो मागून येईल आणि दोघं राहू. खोली बघायची राहून गेली. नवी नोकरी, साहेब कडक, वेळच झाला नाही. तो आला, आठ दिवस धर्मशाळेत थांबला आणि मग नदीपलीकडे निघून गेला. यात माझा काय दोष, हे धोंडूबाईला एकदा स्पष्ट विचारलं पाहिजे.

आज विचारलं नाही. भाकरी संपवून उठलो.

२ मार्च, सोमवार

आज सभा. नगराध्यक्ष येसाजीरावांनी ठराव स्वतः मांडला. त्यांच्या सुनेला अकरा वर्षांनी मुलगा झाला, गौराबाईने लग्नातच तसा आशीर्वाद दिला होता, तेव्हा ते भारलेले आहेत. मला आधीच सांगून ठेवलं होतं, आबाजी, कागद चोख करा, कुणाला बोट ठेवायला जागा नको.

बोट ठेवायला मालोजीराव होतेच. ते आमचे कायमचे विरोधी सभासद. म्हणाले, उद्या कोणीही फडकं बांधून येईल, पालिका त्यालाही मान देणार काय? आणि निशाणाचा नमुना कुठे आहे?

इथे मला चेव आला. नियम मला पाठ आहे. प्रत्येक निशाणाच्या कापडाचा वीतभर तुकडा नमुना म्हणून दप्तरी ठेवायचा. भगव्याचा भगवा, हिरव्याचा हिरवा. पण या मंडळींचं निशाण एका कापडाचं नाहीच. ज्या घरी बारसं किंवा लग्न असेल त्या घरून ते चोळीचा, लुगड्याचा, कशाचाही तुकडा मागून घेतात आणि निशाणाला जोडतात. मोठ्या मनाने दिलेला एकच घ्यायचा, दुसरा नाही. तीसेक वर्षं शिवणं चालू आहे. त्यातला कुठला तुकडा नमुना धरणार? कुठलाही धरला तरी बाकीच्या निशाणाशी जुळणार नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, अशा बाबतीत संपूर्ण निशाण हाच नमुना समजावा आणि दप्तरी जमा करून घ्यावा.

मालोजीराव खाली बसले. सात विरुद्ध चार मतांनी ठराव मंजूर. येसाजीरावांनी माझी पाठ थोपटली. तेवीस वर्षांच्या नोकरीत सभेत पाठ थोपटली गेली ती आजच.

९ मार्च, सोमवार

निशाण जमा करायला चांगो आला. एकटाच. मोरपंखी लुगडं, डोक्यावर पदर, गळ्याची हाडं वर आलेली. सखा शिपायाने खुर्ची दिली नाही. मी दे म्हणून सांगायला हवं होतं, पण आजूबाजूला दोन-चार लोक होते.

फॉर्म भरायला घेतला. नाव? चांगुणा. राहणार? सांगितलं. वडिलांचं नाव?

“तुला म्हायती हाय.”

मी लिहिलं. वर पाहिलं नाही.

मग निशाण टेबलावर पसरलं. टेबलाच्या चारी बाजूंनी खाली लोंबत होतं. एकेका तुकड्याचा नंबर, रंग, कापड आणि कुठल्या घरचा, अशी यादी करायची मी ठरवलं होतं. येसाजीरावांच्या घरचा जरीकाठी खण, क्रमांक चाळीस. मालोजीरावांच्या घरचासुद्धा निघाला, क्रमांक बावीस, त्यांच्या थोरल्याच्या बारशाची लाल चोळी. बामणआळी, बाजारपेठ, कोळीवाडा, सगळं गाव त्या टेबलावर होतं. चांगो एकेका तुकड्यावर बोट ठेवून घर सांगत होता, मधेच खोकत होता.

क्रमांक सतरा. निळ्या रेघांचा, सुती, सदऱ्याचा असावा. बाकीचे टाके लांब आणि घाईचे, याचे बारीक, दुहेरी. मी विचारलं, हा कुणाच्या घरचा?

त्याने बोट उचललं. म्हणाला, “लिही, म्हायत नाय.”

मी लिहिलं, मूळ अज्ञात.

रिक्षाचा पट्टा घासून त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता, तेव्हा मी त्याला माझा दिला होता. त्याच्याही रेघा निळ्या होत्या. निळ्या रेघांचे सदरे तेव्हा सगळेच घालत.

एकूण एकेचाळीस. जमा करून घेतल्याची पावती दिली. तो जाताना दारात थांबला, विचारलं, आणि जत्रेला? मी म्हणालो, साहेबांचा हुकूम काढून आदल्या दिवशी हातात देतो, मी बसलोय ना इथे. तो बरं म्हणाला. मग म्हणाला, अवंदा काठी मीच घेणार हाय, गौराबाईनं सांगितलंय, फुडल्या साली मी आसंन का नाय कुणाला ठावं. एकदा दारोदार पाणी घेत चालायचं, येवढंच हाय मनात.

मी बसलोय ना. हे वाक्य मी याआधी कुणाला तरी अगदी असंच म्हटलं होतं असं वाटत राहिलं. आठवलं नाही.

निशाण लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक मुख्याधिकारी साहेबांकडे, दुसरी माझ्या करगोट्याला. पण साहेबांच्या लेखी हुकमाशिवाय माझी किल्ली लावायची नाही, असा नियम.

१ एप्रिल, बुधवार

हुकूम टाइप केला. सहीच्या फायलीत ठेवला.

८ एप्रिल, बुधवार

हुकमावर अजून सही नाही. फाइल रोज साहेबांपुढे जाते, पण तो कागद मी सगळ्यात खाली ठेवतो, आणि साहेब वरच्या चार-पाच सह्या करून चहाला उठतात. वर ठेवायला काय हरकत आहे? काहीच नाही. पण साहेब कागद वाचतात, हसतात आणि विचारतात. परवाच म्हणाले, काय हो आबाजी, त्या मंडळींच्या कामात फार जीव ओतलात तुम्ही. साधंच बोलले असतील. माझे कान मात्र तापले.

उद्या वर ठेवीन.

१६ एप्रिल, गुरुवार

घोळ झाला. जत्रेला पाण्याचे टँकर हवेत म्हणून मी दुपारी मोहोपाड्याला कारखान्यांच्या लोकांकडे गेलो होतो. टँकर मिळाले. पाचला परत येतो तर साहेब गेलेले. उद्या गुड फ्रायडे, शनिवार-सोमवारची रजा टाकली, मधे रविवार. एकदम मंगळवारी सकाळी येणार. आणि जत्रा रविवारी.

हुकूम फायलीत तसाच, सगळ्यात खाली.

१८ एप्रिल, शनिवार

गौराबाई घरी आली. ओट्यावर टेकली, धोंडूबाईने पाणी दिलं. मी सगळं समजावून सांगितलं. साहेब नाहीत, हुकूम नाही, माझा नाइलाज आहे.

म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “कपाटाला दोन किल्ल्या आसतात, भाऊसाहेब.”

मी म्हणालो, असतात, पण नियम आहे. ती म्हणाली, नियमानंच तर निशाण आत गेलं, आमी काय चोरून ठेवाया दिलं न्हवतं. आणि मग, जाता जाता, अगदी हळू, की चांगुणा चार दिवस जेवली नाय, पोटात काय ठरत नाय, पन काठी धरून अंगणात चालून बघते रोज.

ती गेल्यावर धोंडूबाई माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळचा चहासुद्धा आला नाही, मी करून घेतला. मी काय चूक करतोय? उद्या उठून मालोजीरावांनी विचारलं, की कुणाच्या हुकमाने कपाट उघडलं, तर मी काय सांगू? कुणाकरिता उघडलं असं विचारलं तर?

१९ एप्रिल, रविवार, चैत्री पौर्णिमा

जत्रा झाली.

सकाळी नऊला येसाजीरावांनी सखाला घरी पाठवलं, निशाण कुठे विचारायला. मी सांगितलं, साहेब गावाला गेलेत. सखा म्हणाला, किल्ली साहेबांकडंच हाय का भाऊसाहेब? मी हो म्हणालो. ती करगोट्याला माझ्या पोटाशी टोचत होती.

दहाच्या सुमाराला काठ्या आमच्या आळीत आल्या. मी आत पंचांग बघत बसलो होतो, पण खिडकीतून दिसतं. नऊ काठ्या गेल्या, दारोदार पाणी पडलं. दहावी चांगोच्या हातात. नुसता बांबू. निशाण नाही म्हणून मालोजीरावांनी हरकत घेतली असणार, पालखीच्या पुढे येऊ दिलं नव्हतं. पालखीच्या मागेच आली, दरवर्षीसारखी, धुरळ्यातून. नवं लुगडं नेसला होता. दोन पावलं चालायचा, काठीला टेकायचा. बिननिशाणाच्या काठीवर कोण पाणी घालतंय? बायका तांबे घेऊन घरात गेल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आमच्या दारात धोंडूबाई उभी होती. तिने तांब्याभर पाणी काठीच्या बुडाशी घातलं. हळदकुंकू लावलं. मग चांगोच्या पायावरही घातलं, तसा रिवाज नाही.

त्याने खिडकीकडे पाहिलं. मी पंचांगाचं पान उलटलं.

२१ एप्रिल, मंगळवार

साहेब आले. हुकूम वर ठेवला, तेव्हा म्हणाले, आता काय उपयोग? दुसरी किल्ली तुमच्याकडे होती ना हो? मी म्हणालो, हुकूम नव्हता. साहेब हसले, म्हणाले, शंभर कारकुनांत एक आहात. हुकमावर काट मारली. आता निशाण पुढच्या चैत्रापर्यंत कपाटात.

धोंडूबाई जेवायला वाढते, बोलत नाही.

१२ मे, मंगळवार

सकाळी अकराला सखाने सांगितलं, पलीकडची चांगुणा गेली. पहाटे. दुपारी नदीकाठी मूठमाती देणार. त्यांच्यात रिवाज आहे, गेलेल्या माणसाच्या अंगावर निशाण घालून न्यायचं आणि मग काढून परत आणायचं. म्हातारी विचारतेय, मिळंल का?

साहेब आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं, दहा पावलांवर. मी गेलो नाही. करगोट्याची किल्ली सोडली, कपाट उघडलं, निशाण काढलं आणि निघालो. पिशवी घ्यायचं सुचलंच नाही. एवढं मोठं कापड दोन्ही हातांत मावेना, एक टोक मागे लोंबत होतं. भर बाजारातून गेलो. तांबटाच्या दुकानात ठोकणं थांबलं. मालोजीराव पानाच्या गादीवर बसले होते, त्यांनी नीट पाहिलं. पाहू दे म्हटलं. तेवीस वर्षं ज्या पुलावरून गेलो नाही तो कधी ओलांडला कळलं नाही.

चांगोला अंगणात ठेवलं होतं. आम्ही निशाण पांघरवलं. लहान झाला होता फार, पायाखाली पुष्कळ कापड उरलं.

गौराबाई उकिडवी बसली, ब्लेडने एक तुकडा उसवायला लागली. दुहेरी टाके लवकर सुटेनात. सतरा नंबर. म्हणाली, “ह्यो एकच तुकडा कुणाच्या दारातनं आणलेला नाय. नदी वलांडून हितं आली तवा अंगावर होता. सोता शिवला तिनं. तिच्यासंगं जाऊ दे.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “कुणाचा ते ठावं हाय ना तुला?”

मी हो म्हणालो. पहिल्यांदाच हो म्हणालो.

तिने तुकडा माझ्या हातात दिला. मी तो चांगोच्या मुठीत ठेवला आणि बोटं मिटली. मिटेनात, धरून बसावं लागलं. मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो. वेड्यासारखं एकच मनात येत होतं, की आठ दिवस तो धर्मशाळेत बसला होता आणि मी रोज त्या रस्त्याने न जाता मागच्या गल्लीने ऑफिसला जात होतो. खोली बघायला वेळ नव्हता असं मी याच वहीत लिहिलंय. तीन खोल्या बघितल्या होत्या. एक पसंतही केली होती, नदीकडे खिडकी होती. घरमालकाने विचारलं, दोघं कोण कोण? मी तसाच निघून आलो.

निशाण परत आणून कपाटात ठेवलं. धोंडूबाईने दारातच आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. वाढताना म्हणाली, जेव आबा.

१४ मे, गुरुवार

मालोजीरावांची लेखी तक्रार. कपाट विनापरवाना उघडले, दप्तरी नमुना कार्यालयीन वेळेत बाहेर नेला. साहेबांनी कपाट उघडायला लावलं, सखाकडून तुकडे मोजून घेतले. चाळीस. रजिस्टरला एकेचाळीस. मधे एक चौकोनी भोक, त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

साहेब तसे वाईट नाहीत. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, आबाजी, उंदराने कुरतडला असं लिहून द्या. मी मिटवतो. नाहीतर हे प्रकरण वरपर्यंत जाईल, कागद सभेत वाचला जाईल. उद्या बारापर्यंत खुलासा द्या.

१५ मे, शुक्रवार

सकाळी ऑफिसात लवकर गेलो. उंदराचा खुलासा आधी लिहिला. चांगला झाला होता, भाषा चोख. फाडला.

दुसरा लिहिला त्याची नक्कल इथे ठेवतो.

‘मा. मुख्याधिकारी यांस. विषय: दप्तरी निशाणातील क्रमांक १७ चा तुकडा कमी असल्याबाबत. सदर तुकडा उंदराने कुरतडलेला नाही. तो दि. १२ मे रोजी चांगो ऊर्फ चांगुणा, राहणार नदीपलीकडे, मूळ पोशीर, हिच्या मुठीत माझ्या हाताने ठेवला. कपाट मी हुकमाशिवाय उघडले. तसेच ते दि. १८ एप्रिल रोजी उघडता येत असूनही उघडले नाही, तो दोष याहून मोठा आहे व त्याचीही नोंद व्हावी. नोंदवहीत सदर तुकड्यापुढे मूळ अज्ञात असे मी लिहिले आहे. ते खोटे आहे. तो माझ्या सदऱ्याचा होता. मी तो तिला माथेरान मुक्कामी सन १९५६ मध्ये दिला होता व आम्ही दोघे एकत्र राहणार होतो. कळावे.’

सही केली, शिक्का मारला. मग रजिस्टर काढून सतरा नंबरपुढचा ‘अज्ञात’ एका रेघेने खोडला, वर माझं पूर्ण नाव लिहिलं आणि खाडाखोडीपाशी नियमाप्रमाणे आद्याक्षरं टाकली.

बाराला दहा मिनिटं कमी होती. साहेब फोनवर होते. फायलीत कागद सगळ्यात वर ठेवला आणि आत नेऊन दिला.